त्या कोपऱ्यातली मूठ मी काढलेली आहे: जुन्या कॉमिक्सच्या प्रकाशकांना खुलं पत्र

प्रताधिकारमुक्त कॉमिक्सची पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशकांनो,

गेल्या वर्षी एका मित्राने मला एक जाडजूड पुस्तक भेट दिलं. 1940 च्या दशकातल्या अमेरिकन कॉमिक्सच्या निवडक गोष्टी त्यात होत्या. मुखपृष्ठ देखणं, कागद गुळगुळीत. चाळता चाळता एका पानाशी थबकलो. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या चौकटीत, एका माणसाची आवळलेली मूठ होती. ती मूठ मी काढलेली आहे.

मूळ अंकाचं ते पान नेमकं त्या कोपऱ्यात फाटलेलं होतं. ज्यांनी वाचकांना फुकट उतरवून घेता यावा म्हणून अंक स्कॅन केला त्यांच्याजवळ तेवढीच एक प्रत होती. मनगटापर्यंत चित्र शाबूत, पुढे कागदच नाही. स्कॅन साफ करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी त्याच गोष्टीच्या आधीच्या पानावरची एक मूठ उचलली, थोडी फिरवली, रेषा जोडून घेतल्या, रंगाचे ठिपके जुळवले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. फाइलसोबत टिपण लिहिलं: हा कोपरा अंदाजाने भरलेला आहे, चांगली प्रत मिळाली तर बदलावा. स्कॅन केलेल्या अंकाच्या शेवटी, नेहमीप्रमाणे, एक जास्तीचं पान होतं. त्यावर स्कॅन कोणी केलं, साफसफाई कोणी केली, मधली जोडपानं कोणाच्या प्रतीतून घेतली, हे सगळं होतं.

पुस्तकात ते पान नाही आणि टिपणही नाही. मूठ मात्र आहे, आणि प्रस्तावना सांगते की या पुस्तकातली पानं मूळ अंकांत होती तशीच्या तशी छापली आहेत. उद्या कोणी त्या चित्रकारावर लिहायला बसलं आणि हातांच्या रेखाटनाबद्दल चार ओळी लिहिल्या, तर त्यातली एखादी ओळ माझ्या ठिगळाबद्दल असेल. याचा मला खरोखर त्रास होतो. त्या प्रकाशकाने मला किंवा स्कॅन करणाऱ्याला एक पत्र टाकलं असतं, तर ही चूक छापली गेली नसती. म्हणून हे पत्र त्या एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे: छापण्याआधी स्कॅन करणाऱ्याची परवानगी घ्या, आणि त्याचं नाव छापा. मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्या सेवा आल्यापासून प्रकाशक व्हायला छापखाना लागत नाही, गोदाम लागत नाही. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणीही येत्या महिन्यात असं पुस्तक काढू शकतो, आणि काढावंच असं मला वाटतं.

या पानांवर कोणाचाच प्रताधिकार नाही, मग विचारायचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. आधी कायद्याचं सांगून टाकतो, कारण त्या बाजूने तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मला मान्य आहे. अमेरिकेत 1909 च्या कायद्यानुसार प्रताधिकार 28 वर्षांचा असे, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज केला तरच पुढे चाले. 1992 मध्ये कायदा बदलला आणि 1964 पासूनच्या साहित्याचं नूतनीकरण आपोआप होऊ लागलं. त्याआधीच्या, म्हणजे 1963 पर्यंतच्या ज्या अंकांचा अर्ज वेळेत झाला नाही, ते सगळे मोकळे झाले. आणि कॉमिक्सच्या बाबतीत अर्ज करायला मागे उरलंच होतं कोण? कॉमिक्स छापणारी फॉक्स कंपनी 1950 मध्ये दिवाळखोरीत गेली. फॉसेट या प्रकाशकाने सुपरमॅनच्या मालकांशी चाललेला खटला मिटवून 1953 मध्ये आपले सुपरहिरो बंद केले. 1954 साली सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, कॉमिक्स मुलांना बिघडवतात असा गदारोळ उठला, काय छापायचं नाही याची प्रकाशकांनीच केलेली नियमावली, म्हणजे कॉमिक्स कोड, आला, आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत फिक्शन हाउस, लेव्ह ग्लीसन अशा कितीतरी प्रकाशन संस्था संपल्या. 1942 च्या अंकाचं नूतनीकरण 1970 च्या सुमाराला करायचं. तोवर कचेऱ्यांना टाळं लागून पंधरा वर्षं झाली होती.

स्कॅनचा स्वतंत्र प्रताधिकार असतो का? अमेरिकेत तरी नाही. नुसते कष्ट केले म्हणून प्रताधिकार मिळत नाही, त्यात काही नवनिर्मिती लागते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये फाइस्ट खटल्यात स्पष्ट केलं. 1999 मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तेच तत्त्व चित्रांच्या हुबेहूब छायाचित्रांना लावलं. युरोपीय संघाच्या 2019 च्या प्रताधिकारविषयक निर्देशातलं चौदावं कलमही त्याच दिशेचं आहे. तेव्हा स्कॅन करणाऱ्याला न विचारता तुम्ही पुस्तक छापलंत तर कोणी तुम्हाला कोर्टात खेचू शकणार नाही, आणि खेचूही नये. मी परवानगी हा शब्द वापरतो आहे तो शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी भरताना आपण हाक मारून विचारतो त्या अर्थाने. पाणी कोणाच्याच मालकीचं नसतं. विहीर मात्र कोणीतरी खणलेली असते.

खणणं म्हणजे काय, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हे अंक दहा सेंटला विकले जायचे आणि वाचून झाल्यावर फेकले जायचे. कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याचा, वर्तमानपत्राचा. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडात आणि हवेत पिवळं पडतं, आम्ल कागदाला खातं, आणि ऐंशी वर्षांनी पान उलटताना कडा हातात येते. महायुद्धात मुलांनी रद्दीच्या मोहिमांमध्ये आपले गठ्ठेच्या गठ्ठे दिले. 1948 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला शाळकरी मुलांकडून कॉमिक्स गोळा करून त्यांची होळी केली गेली. मूळ चित्रं, म्हणजे चित्रकाराने शाईने काढलेले मोठे कागद, छपाई झाल्यावर बहुतेक वेळा टाकून दिले जात. म्हणून अनेक गोष्टींचा आज उरलेला एकमेव पुरावा म्हणजे कोणाच्या तरी माळ्यावर वाचलेली ती दहा सेंटची प्रत.

अशी प्रत ज्याच्याकडे असते त्याने तिचे पैसे मोजलेले असतात, कधी कधी डोळे विस्फारावेत इतके. स्कॅन करायचं तर पान सपाट पडायला हवं, आणि पान सपाट पडायचं तर बऱ्याचदा पिना काढाव्या लागतात. पिना काढलेल्या अंकाची बाजारातली किंमत घसरते. हे माहीत असूनही माणसं पिना काढतात. गंजलेली पीन बोथट सुरीने हळूहळू उचलायची, जोडपानं सुटी करायची, स्कॅनरच्या काचेवर एकेक पान ठेवायचं, मागे काळा कागद लावायचा, म्हणजे पाठपोट छपाईतलं मागचं चित्र पुढे उमटत नाही. काच पुसायची, कारण प्रत्येक पान भुसा सोडतं. युद्धाआधीचा अंक मुखपृष्ठासकट 68 पानांचा. युद्धात कागद मिळेना तसा तो 60 वर आला, मग 52 वर, पुढे 36. एका 68 पानी अंकाला अख्खा दिवस सहज जातो.

आणि मग कळतं की मधलं जोडपान नाही. किंवा कोण्या मुलाने 1943 मध्ये बक्षिसाचं कुपन कापून घेतलं, त्याच्या मागची चौकट कुपनाबरोबर गेली. मग शोध सुरू होतो. दुसऱ्या कोणाकडे तोच अंक असतो, पण मुखपृष्ठाविना. तिसऱ्याकडे चिकटपट्टीने पिवळा पडलेला, पण पानं पूर्ण. तिघांच्या प्रतींतून एक अंक उभा राहतो. तुम्ही जी फाइल एका टिचकीत उतरवून घेता ती अशी तीन देशांतल्या तीन माणसांनी जोडलेली असू शकते. त्यांची एकमेकांशी भेट कधी झालेलीही नसते.

शेवटचं पान तुम्ही कापता तेव्हा ही सगळी हकीकत कापली जाते.

मला यात एक जुनी गोष्ट पुन्हा घडताना दिसते. हे अंक ज्यांनी काढले त्यांची नावंही छापली जात नसत. गोष्टी तयार करणाऱ्या कार्यशाळा असत, आयझनर आणि आयगर यांची प्रसिद्ध आहे. तिथे एक जण पेन्सिलीने काढायचा, दुसरा शाई फिरवायचा, तिसरा अक्षरं भरायचा, आणि वर नाव यायचं प्रकाशकाने ठरवलेलं, बरेचदा अस्तित्वातच नसलेल्या माणसाचं. रंगांच्या प्लेटी बनवण्याचं किचकट हातकाम कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टमध्ये होई. ते करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांच्यापैकी एकीचंही नाव अंकावर येत नसे. लिली रेने नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नातून निसटलेली ज्यू मुलगी. तिने फिक्शन हाउससाठी ‘सेन्योरिटा रिओ’ ही गुप्तहेर नायिका रंगवली. सही ‘एल. रेने’ अशी करायची, म्हणून वाचक तिला पुरुष समजत. मॅट बेकर हा त्या काळातल्या मोजक्या कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी एक. 1959 मध्ये, चाळिशीही न गाठता गेला, आणि त्याची चित्रं कोणती हे ठरवायला अभ्यासकांना पुढची अनेक दशकं रेषांची वळणं तपासावी लागली. ही तपासणी कशामुळे शक्य झाली? पानं स्कॅन होऊन सगळ्यांसमोर आली म्हणून. अंक शेजारी शेजारी ठेवून कोणीही पाहू शकला, की हे डोळे, ही मान वळवण्याची पद्धत त्याचीच.

ज्या पानांवरून चित्रकारांची हरवलेली नावं परत मिळवली, त्याच पानांवरून स्कॅन करणाऱ्यांची नावं पुसली जावीत, हे मला सहन होत नाही.

आता व्यवहाराचं बोलू. विचारण्यात तुमचाच फायदा आहे, आणि तो डोळ्यांना दिसणारा आहे. फुकट उतरवून घेता येणारी फाइल पडद्यावर वाचण्यासाठी लहान केलेली असते. समजा पानाची रुंदी 1280 पिक्सेल आहे. त्या काळच्या अंकाचं पान साधारण पावणेआठ इंच रुंद. भागाकार केलात तर इंचाला 165 पिक्सेल पडतात. चांगल्या छपाईला 300 लागतात, म्हणजे रुंदी 2300 च्या वर हवी. शिवाय फाइल दाबून हलकी केलेली असते, त्यामुळे काळ्या रेषेच्या कडेला राखाडी धूर दिसतो. पडद्यावर तो कळत नाही, कागदावर अक्षरं मळकट दिसतात. सॉफ्टवेअरने फाइल फुगवून 300 चा आकडा गाठता येतो, पण जो तपशील फाइलमध्येच नाही तो कुठून येणार? अलीकडे हा तपशील स्वतःच्या मनाने भरणारी साधनं आली आहेत. ती ठिपक्यांचे डाग करतात, डोळ्यांना नसलेल्या पापण्या लावतात, फुग्यातलं अक्षर अक्षरासारखं दिसणारं काहीतरी बनवतात. माझी मूठ निदान त्याच चित्रकाराच्या हातची होती.

स्कॅन करणाऱ्याच्या घरी, जुन्या हार्ड डिस्कवर, बहुतेक वेळा मूळ स्कॅन पडून असतो. इंचाला 600 पिक्सेलचा, न दाबलेला, रंगांना हात न लावलेला. तो त्याने इंटरनेटवर कुठे ठेवलेला नसतो, कारण एकेका अंकाचा आकार अवाढव्य होतो. मागितला तर तो देतो. मी स्वतः असे स्कॅन दिले आहेत, आनंदाने, पैसे न घेता. ज्यांनी विचारलं त्यांची पुस्तकं आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांची पुस्तकं शेजारी ठेवा, मी काय म्हणतो ते हाताला कळेल.

मूळ स्कॅन लागतो त्याचं आणखी एक कारण आहे. जुने रंग ठिपक्यांच्या जाळीतून छापलेले असतात. तुमचा छापखानाही पान जाळीतूनच छापतो. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की आकाशात, चेहऱ्यांवर, कपड्यांवर पाण्यासारख्या लहरी उठतात. ओढणी ओढणीवर धरली तर दिसतात तशा. मोठ्या स्कॅनमध्ये काळ्या रेषा आणि रंग वेगळे करता येतात, रेषा टोकदार ठेवून ठिपके तेवढे निवळता येतात. लहान फाइलमध्ये ठिपके आणि रेषा एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकाला हात लावला तर दुसरा बिघडतो. हे काम कसं करायचं याची वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेली जाण साफसफाई करणाऱ्यांजवळ आहे. ती पुस्तकात वाचायला मिळत नाही, विचारल्यावर मिळते.

ओघात एक विनंती. कागद पांढराफेक करू नका. त्या काळचे रंग पिवळसर कागद गृहीत धरूनच निवडले होते. कागदाचा रंग शंभर टक्के काढून टाकलात की गुलाबी रंग किंचाळतो आणि सगळं पान प्लॅस्टिकचं वाटतं. आणि पिना मारलेल्या पातळ अंकाचं जाड पुस्तक करताना आतला समास वाढवा, नाहीतर प्रत्येक डाव्या पानाचे उजवे फुगे शिवणीत गुडूप होतात. मी अशी पुस्तकं पुठ्ठा मोडेपर्यंत उघडून वाचली आहेत.

जाहिराती आणि त्या दोन पानी छापील कथाही गाळू नका, ही माझी वैयक्तिक हौस समजा. प्रत्येक अंकात दोन पानं नुसत्या मजकुराची असत, कारण त्याशिवाय टपाल खात्याचा स्वस्त दर मिळत नसे. बहुतेक मुलं ती वाचत नसत. पण अंक कसा जगायचा, कशाच्या जोरावर दहा सेंटला परवडायचा, हे त्याच पानांतून कळतं.

स्कॅन करणाऱ्याला विचारण्याने तुम्ही आणखी एका खड्ड्यातून वाचता. अंक मोकळा आहे म्हणजे त्यातली प्रत्येक गोष्ट मोकळी आहे असं नसतं. त्या काळच्या कितीतरी अंकांत वर्तमानपत्री चित्रमालिका पुन्हा छापलेल्या असत, आणि त्यांचं नूतनीकरण वृत्तपत्र-सिंडिकेटने, म्हणजे त्या मालिका वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या संस्थेने, वेगळं केलेलं असू शकतं. प्रताधिकार नोंदींच्या छापील सूच्या चाळून हे तपासणारी मंडळी स्कॅन करणाऱ्यांमध्येच आहेत. नावांची भानगड आणखी वेगळी. लेव्ह ग्लीसनचा 1940 चा डेअरडेव्हिल हा सुपरहिरो ज्या मोकळ्या अंकांत आहे ते तुम्ही छापू शकता, पण डेअरडेव्हिल हे नाव कॉमिक्सच्या मुखपृष्ठावर मिरवायचा हक्क आज मार्व्हलकडे आहे. फॉसेटच्या कॅप्टन मार्व्हल या सुपरहिरोच्या नावाचंही तेच. आणि पुस्तक जगभर विकणार असाल तर अमेरिकेबाहेरचा कायदाही बघा. जर्मनीचा अमेरिकेशी 1892 सालचा करार आहे, त्यामुळे तिथे अमेरिकेत मोकळी झालेली चित्रंसुद्धा चित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं संरक्षित राहू शकतात. लिली रेने 2022 मध्ये, वयाच्या 101 व्या वर्षी गेली. हिशेब तुम्हीच करा.

तुमच्यापैकी एकाने मला मागे विचारलं होतं: “समजा मी परवानगी मागितली आणि तो नाही म्हणाला, तर? जे सगळ्यांचं आहे त्यावर एका माणसाला नकाराचा अधिकार का द्यायचा?” प्रश्न चोख आहे. मी बराच विचार केला आणि माझं उत्तर असं आहे. तो नाही म्हणाला तर गोष्ट छापायचा तुमचा हक्क तसाच राहतो. तो फक्त त्याच्या कष्टाला नाही म्हणतो आहे. तुम्ही दुसरी प्रत शोधा, विकत घ्या किंवा कोणाकडून उसनी आणा, पिना काढा, काच पुसा, आणि छापा. तुमचा रस्ता बंद झालेला नाही, तो फक्त त्याच्या खांद्यावरून जात नाही. आणि मी अनुभवाने सांगतो, नकार क्वचित येतो. बहुतेकांना नाव हवं असतं आणि पुस्तकाची एक प्रत. काही जण म्हणतात नावसुद्धा नको, पण चित्रकाराचं नाव शोधून घाला. पैसे मागणारा मला अजून भेटलेला नाही. मागितले तर त्यात लाज काही नाही, हेही नोंदवून ठेवतो.

न विचारण्याची किंमत मात्र मी पाहिली आहे. माझ्या ओळखीच्या दोघांनी, एकाने तर शेकडो अंक दिले होते, आपले स्कॅन विकले जाताना बघून काम थांबवलं. राग पैशांचा नव्हता. आपण वाचकांना द्यायला काढलेली गोष्ट दुसऱ्याच्या दुकानात, आपलं नाव खरवडून मांडलेली पाहिल्यावर पुढचा अंक काचेवर ठेवायला हात उचलत नाही. त्यांच्याकडचे न स्कॅन झालेले अंक तसेच पेट्यांमध्ये आहेत. कागद त्यांच्यासाठी थांबणार नाही.

स्कॅन करणाऱ्या माझ्या मित्रांनाही इथेच दोन शब्द. आपण प्रताधिकाराचं चिन्ह पानांवर मारू नये. चित्रावर आडवा शिक्का उमटवू नये. ज्या मोकळेपणामुळे आपल्याला ही पानं उघडता आली, तो पुढच्या माणसासाठी बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही. नाव शेवटच्या पानावर असू द्यावं आणि संपर्काचा पत्ता चालू ठेवावा. प्रकाशक शोधत येतो आणि दहा वर्षांपूर्वी बंद पडलेला ईमेल सापडतो, ही त्याची चूक नव्हे. मूळ स्कॅन कुठे आहेत ते घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवावं. आपल्यातली काही माणसं गेली आणि त्यांच्या हार्ड डिस्क भंगारात गेल्या.

माणूस सापडलाच नाही तर? मग शेवटच्या पानावर जे टोपणनाव आहे ते जसंच्या तसं छापा. बहुतेक जण टोपणनावानेच काम करतात आणि त्यांना तेवढंच पुरतं. सोबत एक ओळ लिहा की आम्ही यांना शोधलं, सापडले नाहीत, कोणाला ठाऊक असेल तर कळवा. तुमच्या पुस्तकातल्या त्या ओळीमुळे एखाद्या मुलाला कळेल की त्याचे वडील रात्री जागून काय करत होते.

आणि पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर ‘सर्व हक्क राखीव’ छापता, तेव्हा थांबून बघा की हक्क कशावर राखता आहात. प्रस्तावना तुमची, टिपा तुमच्या, मांडणी तुमची. त्यावर जरूर राखा. पानं तुमची नाहीत, हे तिथेच एका वाक्यात सांगा. काही प्रकाशकांनी मोकळ्या पानांचे स्कॅन इतरांना हटवायला सांगितल्याचं मी पाहिलं आहे, आणि त्यातले काही स्कॅन त्यांनी स्वतः ज्याच्याकडून घेतले त्याचेच होते. हे मात्र कायद्यालाही धरून नाही.

जुन्या चित्रांमध्ये वंशाबद्दल, बायकांबद्दल जे दुखावणारं आहे ते खोडून छापू नका, आणि कसल्याही टिपणाशिवायही छापू नका. फिलाडेल्फियातल्या ऑरिन इव्हान्स या पत्रकाराने 1947 च्या जूनमध्ये ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ हा अंक काढला तो याच चित्रांना उत्तर म्हणून. लिहिणारे, काढणारे सगळे कृष्णवर्णीय, किंमत 15 सेंट. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती, पण त्याला कागद विकायला कोणी तयार होईना. एकच अंक निघाला. तो आज आपल्याला वाचता येतो, कारण त्याच्या मोजक्या प्रतींपैकी काही कोणीतरी जपल्या आणि उघडून दाखवल्या. इतर अंक छापताना त्या अंकाची आठवण शेजारी ठेवलीत, तर टिपणात काय लिहायचं हे तुम्हाला सुचेल.

त्या मुठीचं राहिलं. दोन महिन्यांपूर्वी एका संग्राहकाने मला तोच अंक दाखवला. मुखपृष्ठ नाही, मागची चार पानं नाहीत, पण ते पान पूर्ण. कोपऱ्यातला हात मिटलेला नाहीच. तो उघडा आहे, बोटं पसरलेली, आणि त्यातून एक किल्ली खाली पडते आहे. पुढच्या पानावर नायिकेला ती किल्ली कशी मिळाली हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं आणि मी ते लेखकाच्या ढिलाईवर ढकललं होतं. संग्राहकाने ते पान 600 वर स्कॅन करून पाठवलं आहे. मी फक्त डाव्या कडेची घडी काढली, बाकी कशालाही हात लावलेला नाही. ज्या प्रकाशकाच्या पुस्तकात माझी मूठ आहे त्याला मी ही फाइल पाठवली आहे, सोबत स्कॅन करणाऱ्या दोघांची नावं, जशी त्यांना छापून हवी आहेत तशी. उत्तर अजून आलेलं नाही. पुढची आवृत्ती काढण्याआधी ती फाइल उघडावी, एवढं त्याला या पत्रातूनही सांगतो. इतर कोणाला तो अंक छापायचा असेल तर मला लिहा. त्या दोघांना मी विचारून ठेवलं आहे, ते हो म्हणाले आहेत.

आपला,
जुनी पानं साफ करणारा एक वाचक